काटक जात

मला काळजी करायला कारण लागत नाही. गॅसचं बटण बंद केलं का, एवढं बघायला मी बसस्टँडवरून घरी परत आलेली बाई आहे. माहेर जळगावचं. तिथे सगळे मला हसायचे. लग्न होऊन साक्री तालुक्यातल्या या डोंगराकडेच्या गावात आले, तर इथेही चार दिवसांत सगळ्यांना कळलं की ही सून नुसता जिवाला घोर लावून घेते.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. पहिल्या पहिल्यांदा मी त्यांना अहो-जाहो करायचे, तर त्या मागे वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "'तुम्ही' कोणले म्हणस? मी ते एकलीच शे." मग मीही नवऱ्यासारखं त्यांना माय म्हणायला लागले आणि अहो-जाहो गळून पडलं. माय कमी बोलते. दुखलंखुपलं सांगत नाही. एकदा विळा पायाला लागला तर फडकं बांधून संध्याकाळपर्यंत निंदत बसली, आणि घरी आल्यावर फडकं सोडताना मलाच चक्कर आली.

आबा गेले, म्हणजे माझे सासरे, तेव्हा माय पहिल्यांदा खचली. रडली फारशी नाही. पण सकाळी उठायची नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती बसून राहायची. नेमकं त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला दीपनगरला एका ठेकेदाराकडे काम लागलं. वीज केंद्राचं काम, शिफ्टची ड्यूटी, राहायला एका खोलीत चौघं जण. मी इथे मायजवळ राहायचं ठरलं. जायच्या आधी तो साक्रीच्या बाजारात गेला आणि दोरीला धरून ही काळी बकरी घेऊन आला. उस्मानाबादी आहे म्हणाला. मायच्या हातात दोरी दिली आणि म्हणाला, "मी नही, ते ही शे. हिले सकाये सोडनं पडी."

आणि खरोखरच माय दुसऱ्या दिवशी उठली, कारण बकरी ओरडत होती.

तेव्हापासून आमच्या घरात त्या बकरीचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं. काटक जात शे. बाजारातल्या माणसाने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने मायला, मायने गल्लीला. अंगाने काळीभोर, कानांच्या टोकांना पांढरे ठिपके, पाय लांब, शिंगं मागे वळलेली. मागच्या पायांवर उभी राहून बाभळीत तोंड घालायची आणि काट्यांमधून नेमका पाला ओढून काढायची. ओठाला ओरखडा नाही. वैशाखात गावातल्या गाईंच्या बरगड्या दिसायच्या, आणि हिचं अंग तेलाचा हात फिरवल्यागत चकाकायचं. पाणी थोडं प्यायची. वाळलेल्या शेंगा, बोरीचा पाला, कडुनिंबाच्या काड्या, काहीही चालायचं. पहिल्याच वेताला दोन पिल्लं दिली. "या जातीले जुयंच व्हतस," माय अभिमानाने सांगायची, जसं काही तिनेच शिकवलं होतं.

मला मात्र त्या काटकपणाची धास्ती वाटायची. नाजूक जनावर निदान कुरकुरतं तरी. हिला काही झालं तर कळणार कसं? मी तसं बोलून दाखवलं की नवरा फोनवर हसायचा. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मायची चौकशी, माझी चौकशी, आणि मग, "दखाड ना तिले." मी फोन घेऊन गोठ्यात जायचे. बकरी फोनला तोंड लावायची. माय मागून म्हणायची, "धाकली भहीण शे तुनी, वयख तिले." हे ती गमतीने म्हणायची असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात घरात देवी कानबाई बसायच्या वेळी बकरी गाभण होती. पोळ्याच्या आसपास विणार असा मायचा अंदाज.

कानबाईचं इथे किती असतं ते मला जळगावला असताना कळलं नव्हतं. माहेरी आम्ही प्रसादाला जायचो तेवढंच. आमच्या या घरात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. रोटाचे गहू आधी निवडून ठेवायचे. मग माय सूप घेऊन बसते आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपातून टोपलीत टाकते. तेच दळायचं, त्याचेच रोट, त्याच्याच पुरणपोळ्या. आणि ते अन्न फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर तुकडा जाऊ द्यायचा नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात. कोणाकडे रोट पौर्णिमेपर्यंत पुरवून खातात. आमच्याकडे कानबाई उठायच्या आत संपले पाहिजेत. उरलेच तर परसात खड्डा करून पुरायचे.

नवरा म्हणाला होता, रविवारी संध्याकाळपर्यंत येतो. मायने त्याच्या नावाची मूठ घेतली तेव्हा ती चांगली भरून घेतली. मी बघत होते. गहू मुठीच्या वर दिसत होते.

रविवारी सगळं यथासांग झालं. शेजारच्या घरातून माझे चुलत जेठ आले, त्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि भाऊबंदकीत तेच थोरले. जेठाणी आल्या, त्यांना मी अक्का म्हणते. जेवणं झाली. नवऱ्याचं ताट मायने मोठ्या परातीत काढून बाजूला झाकून ठेवलं होतं. रोट, पुरणपोळ्या, खीर, भोपळ्याची भाजी. त्याला कोणाला हात लावू दिला नाही. सूर्य मावळला. साक्रीहून शेवटची गाडी आली आणि गेली. मग त्याचा फोन आला. बदलीचा माणूस आला नाही, निघता येत नाही. माय फोनवर एवढंच म्हणाली, "बरं. जेवना का तू?"

सोमवारी सकाळी कानबाई उठवायची गडबड. डफवाले आले, बाया नटून आल्या. मी चौरंगाचं बघत होते. मध्येच मला परातीची आठवण झाली. माय परसातून आत येत होती, हातात घासलेली परात.

"माय, त्याच्या वाट्याचं काय केलं?"

"व्हई गयं," माय म्हणाली. झालं. आणि परात पालथी घातली.

मला वाटलं पुरलं असेल. पण परसात ताजी माती उकरलेली दिसत नव्हती. आणि मायला साखरेचा त्रास, ती एवढं पुरण खाणं शक्य नाही. हा विचार मनात आला आणि तेवढ्यात कानबाई डोक्यावर घ्यायला कोणीतरी मला हाक मारली. नदीवर गेलो, गाणी झाली, मी नाचलेसुद्धा. सांगायचं एवढंच की निम्मं लक्ष घरीच होतं, पण माझं निम्मं लक्ष कायमच घरी असतं, त्यामुळे मीही ते मनावर घेतलं नाही.

परत आलो तेव्हा ऊन चढलं होतं. मी सवयीने गोठ्यात डोकावले. बकरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला बघून वळली नाही. पुढ्यात सकाळी टाकलेला बोरीचा पाला तसाच. तोंड हलत नव्हतं. ज्या जनावराचं तोंड झोपेतही हलायचं ते जबडा घट्ट मिटून उभं, आणि मधूनच दात करकर वाजवत होतं. मी जवळ जाऊन डाव्या कुशीवर हात ठेवला. कूस ताणलेली होती. दाबलं तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागलं.

मी पाला तिच्या तोंडाशी धरला, तिने हुंगलाही नाही.

मी मायला हाक मारली. माय आली, बकरीकडे बघितलं आणि जागच्या जागी खाली बसली. काय झालं, कधी झालं, एक शब्द विचारला नाही. त्या न विचारण्यावरूनच मला सगळं कळलं.

आता लोकांना वाटेल एका बकरीसाठी केवढी घालमेल. पण मला बकरीपलीकडचं दिसत होतं. ही मेली तर मायच्या हातून मेली. आबांनंतर जिच्या ओरडण्यावर माय उठायला लागली, तिलाच मायने मारलं, तेही पोटातल्या पिल्लांसकट, तेही कानबाईच्या रोटाने. माय त्यातून उठणार नाही. पुन्हा तशीच भाकरीचा तुकडा हातात धरून बसेल, आणि या खेपेला ओरडून उठवायला कोणी नसेल. बकरी गेली की माय गेली, असं मला अगदी सरळ दिसत होतं.

मी साक्रीला जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, निघतो म्हणाले. भाऊ आणि अक्का धावत आले. भाऊंनी कडुनिंबाची जाड काडी तोडून बकरीच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि पोटातला वारा सरेल. ती चघळेना. काडी तोंडात धरून नुसती लाळ गाळत उभी राहिली. अक्का ओवा आणि हिंग घेऊन आल्या. "कवळं गवत खादं व्हई," अक्का म्हणाल्या. "नदीवर गयतात बठ्ठा, दोर तुटना व्हई नी बांधवर गयी व्हई." दोर तुटला नव्हता. दोर खुंट्याला तसाच होता आणि ते मला, मायला दोघींनाही दिसत होतं.

माझ्या जिभेवर शब्द आला आणि मी तो गिळला. कसा बोलणार? रोट उंबऱ्याबाहेर जनावराला घातला, हे भाऊबंदांपुढे मी सुनेनं सांगायचं? सोमवारच्या दिवशी, कानबाई नुकती उठलेली असताना? अक्का मनाने वाईट नाहीत, पण देवीच्या बाबतीत फार कडक. वर्षभर ते मायच्या डोक्यावर राहिलं असतं. आणि न सांगावं, तर तिकडे बकरीची कूस अजून ताणत होती. मी गोठ्यातून अंगणात, अंगणातून गोठ्यात अशा फेऱ्या घालत होते. भाऊ म्हणाले, "पोरी, तू एक जागे बस. तुले बघीसन बकरीले घाबरं व्हस." मी बसले आणि लगेच उठले.

त्या गडबडीत नवऱ्याचा कॉल आला. नेहमीच्या वेळेआधी, कारण आदल्या दिवशी येता आलं नाही म्हणून त्याचं त्यालाच खात होतं. कानबाई नीट गेली का, विचारलं. नीट गेली म्हटलं. "दखाड ना तिले."

"ती चरायला गेलीय भाऊंच्या बकऱ्यांबरोबर," मी म्हणाले. मागे बकरीने दात करकरवले. त्याला ऐकू गेलं नसावं. तो म्हणाला, "आते पाला भरपूर शे, मजा शे तिनी." मी हो म्हणाले आणि रेंज नसल्याचं सांगून फोन ठेवला. ठेवल्यावर फोन पदरात गुंडाळून कमरेला खोचला.

डॉक्टर आले तेव्हा ऊन कललं होतं. तरुण माणूस, चिखलाने भरलेली मोटारसायकल. त्यांनी बकरीच्या कुशीला कान लावला, डोळे बघितले, ताप बघितला. शेपटीखालचं बघून नाक आखडलं. मग बॅग उघडली आणि एक बाटली काढून हातात धरून बसले.

"काय खाल्लंय हिने?"

मी बकरीच्या गळ्यातला दोर सारखा करत राहिले.

"नीट सांगा," डॉक्टर म्हणाले. "हिरव्या चाऱ्याने फुगली असेल तर हे औषध. धान्य किंवा शिजलेलं अन्न पोटात गेलं असेल तर उपचार वेगळा, आणि तो लगेच करावा लागेल. मला दुसरंच वाटतंय. पण अंदाजावर गाभण बकरीला काही देणं मला बरं वाटत नाही."

"गवतच खादं व्हई, डाक्टर," अक्का म्हणाल्या. "आम्ही काय तिले धान्य घालतस?"

"ही जात काटक आहे," डॉक्टर म्हणाले, "पण काट्याकुट्याला. वाळला पाला पचवेल, आठवडा उपाशी ठेवलं तरी उभी राहील. गव्हाचं पीठ, गोडधोड हिच्या पोटाला सोसत नाही. लग्नसराईत निम्म्या बकऱ्या उरलेल्या पंक्तीनेच जातात."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. काय व्हायचं ते होऊ दे म्हणून मी श्वास घेतला, आणि तेवढ्यात माय उठून उभी राहिली. इतका वेळ ती भिंतीशी बसलेली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. डॉक्टरांकडे बघितलं नाही, भाऊंकडे बघितलं.

"रोट खादा तिनी," माय म्हणाली. "मी दिधा. पोर्‍याना वाटाना. बठ्ठा."

अक्कांनी तोंडावर हात ठेवला.

"तो इना नही," माय पुढे म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखाच होता, फक्त प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती. "कानबाई उठाना टाइम व्हई गयथा. मना तोंडमा जाये ना. पुराले गयी मी. कुदळ बी लिधी हातमा. पण जित्ता पोर्‍याना वाटा माटीमा पुरू का मी? सांगा. पुरू का?"

मलाच रडू आलं, मायला आलं नाही.

"बाहेरनाले नही दिधा मी," ती भाऊंना म्हणाली. "घरनी शे ती."

मी भाऊंकडे बघत होते. आता हे काय बोलतात. थोरले ते, रोटाचा मान त्यांचा. डॉक्टरांना यातलं काही कळत नसावं, ते बाटली परत बॅगेत ठेवत होते. "खाण्याचा सोडा आहे का घरात?" ते म्हणाले. "भरपूर लागेल. कोमट पाण्यात."

आमच्या डब्यात चिमूटभर होता. भाऊ बकरीच्या तोंडातली काडी सोडत होते. सोडून झाल्यावर ते अक्कांना म्हणाले, "आपला घर पुडा शे ना? जाय, लई ये." अक्का हलल्या नाहीत. भाऊ पुन्हा म्हणाले, "घरनी शे ना ती, मंग? जाय." अक्का गेल्या आणि पळतच सोडा घेऊन आल्या. सोबत गूळसुद्धा आणला होता, पण तो डॉक्टरांनी परत पाठवला.

मग नळीने सोड्याचं पाणी पाजलं, इंजेक्शनं झाली, सलाइनची बाटली गोठ्याच्या आड्याला टांगली. मी बकरीचं डोकं धरून बसले होते. तिच्या कानाचं ठिपक्याचं टोक माझ्या बोटांत गार लागत होतं. डॉक्टर जाताना म्हणाले, सकाळपर्यंत रवंथ सुरू झाला तर वाचली. पाणी जपून, खायला काही नाही. पिल्लांचं सांगता येत नाही.

त्या रात्रीचं मी काही सांगत नाही. मायने तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही एवढंच सांगते. बकरीने खायचं नाही तर मीही नाही, असं काही ती बोलली नाही, नुसती खाल्लं नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "ठेव तठे." ताट तिथेच राहिलं.

सकाळी मी चूल पेटवत असताना गोठ्यातून मायचा आवाज आला. "पोरी." एवढाच. मी हातातली काडी टाकून पळाले. बकरी बसली होती. माय तिच्यासमोर उकिडवी बसून तिच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मानेखालून एक गोळा वर सरकला आणि बकरीचा जबडा बाजूला गेला. पुन्हा परत आला. पुन्हा गेला. माय तिच्या जबड्याबरोबर स्वतःचं तोंड हलवत होती, आपण तसं करतोय हे तिला कळतही नव्हतं. मी तिथेच शेणात बसून ढसाढसा रडले. मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चहा ठेव आते."

नवऱ्याला मी सगळं त्या संध्याकाळी सांगितलं. त्याने पिल्लांचं विचारलं. मग म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की येईन. मायने फोन घेतला नाही. गोठ्यात काम आहे म्हणाली.

बकरी पोळ्यानंतर व्याली. दोनच, नेहमीसारखी. एक पाठ, म्हणजे मादी पिल्लू, धडधाकट, उठून लगेच आचळाला लागली. दुसरा बोकड अशक्त होता, त्याला मायने बोटाने दूध चाटवून जगवलं. लोक बघायला आले तेव्हा पुन्हा तेच वाक्य ऐकू आलं, काटक जात शे. मी मनात म्हटलं, हो, पण कशाला ते विचारा. बोलले नाही. माय मात्र त्यानंतर ते वाक्य कधी बोललेली मी ऐकली नाही.

यंदा पुन्हा श्रावण आला. मंगळवारी माय सूप घेऊन ओट्यावर बसली. बकरी तिच्या पाठीशी बांधलेली, आणि गेल्या वर्षीची पाठ आता तिच्याएवढी होत आलेली. मी शेजारी बसून गहू निवडत होते. मायने स्वतःच्या नावाची सव्वा मूठ घेतली. माझ्या नावाची घेतली. मग हात झाडले आणि सूप भिंतीला लावलं.

"माय, आणि त्याची?"

"तो इना म्हणजे काढसू."

"आल्यावर काढून कसं चालेल? दळण शुक्रवारी जायचंय."

माय उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बकरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. हिले परत नही खावाडाव मी."

एवढंच म्हणाली, रागाने नाही. आबा गेल्यावर त्यांच्या नावाची मूठ बंद झाली होती. जित्या माणसाची मूठ बंद झालेली मी पाहिली नव्हती. टोपलीत गहू इतके थोडे दिसत होते की मी ते हाताने पसरून सारखे केले.

संध्याकाळी त्याचा कॉल आला. "दखाड ना तिले," तो म्हणाला. मी फोन बकरीकडे नेला नाही. टोपलीकडे धरला.

"काय शे हे?"

"रोटाचे गहू. यात तुझी मूठ नाही."

"का बरं?"

मी मायचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या मागे कसली तरी मशीन घरघरत होती. एरवी मी गप्प बसले नसते, दहा गोष्टी बोलले असते. या वेळी फोन तसाच टोपलीवर धरून ठेवला.

गुरुवारी दुपारच्या गाडीने तो आला. रात्रपाळी करून थेट निघालेला, डोळे लाल. अंगणात चप्पल काढली आणि तसाच सुपाकडे गेला. "पाय धुई ये पह्यले," माय आतून म्हणाली. तो पाय धुऊन आला आणि तिच्यासमोर बसला. मायने सूप ओढलं. त्याच्या नावाची मूठ घेतली, आणि तिचा हात टोपलीच्या वरच थांबला.

"काढी ते देसू," ती म्हणाली. "पण रविवारले खाई कोण?"

"मी ईसू ना माय," तो म्हणाला. "शेवटली गाडी ते सापडीच."

गेल्या वर्षीही त्याने असंच सांगितलं होतं, अगदी याच आवाजात. मायने त्याच्याकडे बघितलं आणि मूठ सोडली. मग सव्वाचा पाव. गहू टोपलीत पडल्याचा आवाज झाला तेव्हा तो हसला, लहान मुलासारखा. तासाभरातच त्याला परत जावं लागलं, पुन्हा रात्रपाळी होती. जाताना बकरीच्या कानाला हात लावून गेला.

आज शनिवार. दळण आलं आहे, पीठ कोऱ्या फडक्याखाली झाकून ठेवलं आहे. उद्या संध्याकाळी शेवटची गाडी येईल. तिच्यातून तो उतरेल, असं मी मायला दिवसभरात कितीदा सांगितलं असेल, आणि माय दर वेळी हो म्हणाली. मग चहाची भांडी विसळून झाल्यावर, ती आत आहे असं बघून, मी बकरीचा दोर सोडला आणि तिला अक्कांच्या गोठ्यात नेऊन बांधून आले. परत आले तर माय अंगणात उभी होती. रिकाम्या खुंट्याकडे तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं कयं तू."